महापौरांची डायरी: पेन कुठे, पेन्सिल कुठे

परवा दुपारी फोन वाजला. "नमस्कार मॅडम, महापौर कार्यालयातून बोलतोय." हे वाक्य मी स्वतः पंधरा वर्षं दिवसातून शंभरदा उच्चारलंय. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि नकळत खुर्चीत सावरून बसले. पलीकडे नवीन लिपिक होता, आवाजावरून पंचविशीच्या आतबाहेरचा. नुकतीच त्याची महापौरांच्या दालनात नेमणूक झालीये. कपाट उघडलं तर माझ्या हातच्या जुन्या डायऱ्या निघाल्या. त्याचा प्रश्न साधा होता, "मॅडम, काही नोंदी पेनने आणि काही पेन्सिलीने का आहेत? आणि रोज दहा ते अकरा नुसतीच रेघ का मारलीय?"

अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे लिहूनच काढावं. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. मग १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान होईपर्यंत आमच्या महापौरांच्या दालनाला कुलूप होतं. या काळात माझ्यासारखी माणसं निवृत्त झाली, शिपायांच्या बदल्या झाल्या, दालनातलं काम कसं चालतं हे सांगणारं कुणी उरलं नाही. नवे महापौर आले, पण त्यांचा दिवस बांधून देणारे हातही नवेच आहेत.

मी २००७ ते २०२२ या काळात सहा महापौरांची स्वीय सहायक होते. अडीच अडीच वर्षांचे सहा कार्यकाळ. त्यातल्या तीन महिला होत्या. पक्ष वेगवेगळे, स्वभाव त्याहून वेगळे. एकजण पहाटे पाचला मेसेज करायचे, एक मॅडम सकाळी नऊच्या आत फोन उचलायच्या नाहीत, कारण त्यांची मुलं शाळेत जायची वेळ तीच. पण डायरी सगळ्यांची एकाच पद्धतीने बांधली, आणि ती पद्धत मला पहिल्या दीड-दोन वर्षांतल्या एका चुकीने शिकवली. ती चूक पुढे सांगते.

आधी महापौर म्हणजे काय ते, कारण हे पुष्कळांना माहीत नसतं. निवडून आलेल्या काही महापौरांनाही पहिल्या महिन्यात माहीत नसतं. लोकांना वाटतं महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. तसं नाही. आपल्याकडे महापौर थेट जनतेतून निवडला जात नाही, नगरसेवक आपल्यातून एकाला निवडतात, सभागृहात हात वर करून. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव याची सोडत मंत्रालयात निघते. 'महापौर' हा शब्द सावरकरांनी दिलेला. मुंबईत तर १९३१ पर्यंत या पदाला अध्यक्ष म्हणत. पण नाव भारदस्त असलं तरी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात (मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, पण तिथेही हेच). ठेका देणं, कर्मचाऱ्याला कामाला लावणं, बिल काढणं हे सगळं आयुक्तांच्या सहीने. तिजोरीच्या चाव्या स्थायी समितीकडे, सोळा सदस्यांच्या, आणि तिचा सभापती वेगळा.

मग महापौरांकडे काय राहतं? सर्वसाधारण सभेचं अध्यक्षपद, मतं समसमान पडली तर निर्णायक मत, शहराच्या वतीने स्वागताला उभं राहण्याचा मान. आणि स्वतःचा वेळ. महापौर कुठे जातात, कुणाशेजारी बसतात, कुणाचं किती ऐकून घेतात, यावर अधिकारी आपली पावलं टाकतात. महापौर सकाळी ज्या नाल्यावर गेले, त्या नाल्यावर दुपारी यंत्र पोहोचतं. म्हणून डायरी सांभाळणं हे कारकुनी काम आहे असं मला कधीच वाटलं नाही. महापौरांची जी काही सत्ता आहे, ती त्या पानांवर वाटली जात होती, आणि वाटणारा हात माझा होता.

साधा दिवस असा असायचा. सात-साडेसातला पाहणी. एप्रिल-मे असेल तर नालेसफाई, जून लागला की पाणी तुंबणारे चौक. आरोग्य निरीक्षक, उपअभियंता, त्या प्रभागाचे नगरसेवक सोबत. नऊला घरी परत, तिथेही ओट्यावर दहाबारा माणसं बसलेली. दहाला दालन. अकरा-साडेअकरापासून बैठका: पाणीपुरवठा, रस्ते, शाळांची दुरुस्ती. दुपारी टपाल. तीनला शिष्टमंडळं: फेरीवाले संघटना, कंत्राटी कामगार, रिक्षाचालक, एखाद्या सोसायटीचे ज्येष्ठ नागरिक. संध्याकाळी सहानंतर कार्यक्रम सुरू व्हायचे, ते रात्री अकरापर्यंत. लोकार्पण, बक्षीस समारंभ, महापौर चषकाचे सामने, पुस्तक प्रकाशन, लग्नसराईत एका संध्याकाळी आठ-नऊ लग्नं. गणपतीच्या दहा दिवसांत तर मी डायरी बाजूला ठेवून नकाशाच घेऊन बसायचे. कोणत्या मंडळाची आरती कोणत्या रस्त्याने गेल्यावर लागते, ते चालकाला विचारून ठरवायचं. आमचे चालक मामा शहर असं ओळखायचे की मंडळाचं नाव घेतलं की मांडवाचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही सांगायचे. १ मे २०१७ पासून गाडीवरचे लाल दिवे गेले. त्यानंतर मामांनी गर्दीतून वाट काढायचं काम नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर आणि ओळखीवर केलं. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.

संध्याकाळच्या या सगळ्या नोंदी पेन्सिलीने. पत्रिकेवर महापौरांचं नाव छापलेलं असलं तरी पेन्सिलीनेच. कारण कोनशिलेवर नाव कुणाचं आधी यावरून कार्यक्रम रद्द होतात, मंत्री येणार म्हणून वेळ बदलते, कुणाच्या घरी दुःख होतं. पेनने लिहायच्या गोष्टी थोड्या: सर्वसाधारण सभा, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे ची ध्वजवंदनं, विमानतळावरचं राष्ट्रपती-पंतप्रधानांचं स्वागत. आणि सकाळचा दहा ते अकरा हा तास.

त्या मुलाने विचारलेली रेघ ती हीच. त्या तासात कुणालाही वेळ दिलेली नसायची. बाहेर लाकडी बाक होता, येईल त्याने त्यावर बसायचं आणि बसल्या क्रमाने आत यायचं. ना चिठ्ठी, ना नगरसेवकाचा फोन. महापौर शहरात असतील तर त्या तासाला खुर्चीवर असणार, हे मी प्रत्येक नव्या महापौरांना पहिल्या आठवड्यात सांगितलं. दोघांनी सुरुवातीला नाराजी दाखवली. एक साहेब म्हणाले, "ताई, लोक तर घरीही येतात की." मी म्हटलं, "साहेब, घरी येतात ते ओळखीचे असतात."

बाकावरची माणसं काय घेऊन यायची? मोठं काही नाही. नळाला सकाळी चारला पाणी येतं आणि वीस मिनिटांत जातं. घरासमोरचा खांब गंजलाय. विधवा सुनेला बालवाडीत मदतनीस म्हणून घ्या. पुढच्या गल्लीतल्या सार्वजनिक शौचालयाची कडी तुटलीये, मुलींना एकीने आत जायचं आणि दुसरीने दार धरून उभं राहायचं अशी वेळ येते. ही शेवटची तक्रार घेऊन एक आजी आल्या होत्या. महापौर मॅडमनी त्यांचा अर्ज घेतला, पदराने चष्मा पुसला आणि कागदाच्या डाव्या समासात हिरव्या शाईने शेरा मारला: "आयुक्त, कृपया तातडीने कार्यवाही करून अनुपालन अहवाल द्यावा."

शेऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण दालनातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे. महापौर फाइलवर अंतिम मंजुरीची सही करत नाहीत, शेरा मारतात. "तपासून योग्य ती कार्यवाही करावी" हा शेरा म्हणजे जवळजवळ काहीच नाही. खात्यातला माणूस हे वाचतो आणि कागद गठ्ठ्याच्या खाली सरकवतो. "चर्चा करावी" म्हटलं की अधिकारी एकदा तरी येतो. "अहवाल द्यावा" लिहिलं की कुणीतरी जागेवर जाऊन येतं. आणि शेऱ्याखाली तारीख घातली, "आठ दिवसांत", तर त्या कागदाला पाय फुटतात. पण तेही केव्हा? नवव्या दिवशी आमच्याकडून फोन गेला तर. म्हणून मी टपालाच्या आवक-जावक नोंदवहीशिवाय एक वेगळी वही ठेवली होती, फक्त बाकावरून आलेल्या अर्जांची. क्रमांक, नाव, फोन, काम, शेरा, कुठे पाठवलं, आणि शेवटचा रकाना 'झालं का'. त्या रकान्यात खात्याचं पत्र आलं म्हणून बरोबरची खूण करायची नाही, हा माझा नियम होता. अर्जदाराला फोन लावायचा, तो "झालं" म्हणाला तरच खूण. शौचालयाच्या कडीची खूण बाविसाव्या दिवशी झाली. आजींनी फोनवर सांगितलं, कडी बसली आणि आतला दिवाही लावून गेले.

आता ती चूक.

२००८ चा पावसाळा. पहाटे रस्ता झाडताना आमच्या एका सफाई कामगाराला भरधाव वाहनाने उडवलं. सकाळी नऊला मला कळलं. त्या दिवशी अकरा वाजता एका उद्यानाचं लोकार्पण होतं. मंत्री येणार होते, पत्रिका गेल्या होत्या, आणि मी डायरीत ते पेनने लिहिलं होतं, दोनदा अधोरेखित करून. महापौर साहेबांना मी अपघाताचं सांगितलं, पण कसं? "साहेब, एक वाईट बातमी आहे, संध्याकाळी घरी भेट ठेवते." संध्याकाळची नोंदही मीच केली, सहा वाजता. अंत्यविधी दुपारी दीडला झाला. उद्यानात फीत कापली तेव्हा स्मशानात महापालिकेचा सगळ्यात मोठा माणूस म्हणून त्या प्रभागाचा मुकादम उभा होता.

सहाला आम्ही वस्तीत गेलो. साहेब आत गेले, खाली सतरंजीवर बसले. त्या कामगाराची आई भिंतीला टेकून बसली होती. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "तुम्हाला उशिरा कळलं का, बाबा?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हाही नाही, परत येताना गाडीतही नाही. ते म्हणाले, "हो आई, उशिरा कळलं." माझी चूक त्यांनी त्या माऊलीसमोर आपल्या अंगावर घेतली, आणि खोटं बोलून घेतली. ते खोटं माझ्यामुळे बोलावं लागलं.

त्या रात्री मी डायरीतलं पुढच्या तीन महिन्यांचं सगळं पान न् पान पुन्हा लिहिलं. लोकार्पणं, उद्घाटनं, सत्कार सगळे पेन्सिलीत. ज्याला महापौरांशिवाय कुणी वाली नाही, त्याचा वेळ पेनात. आणि कर्मचाऱ्याचा कामावर मृत्यू झाला तर त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी आपोआप पुसल्या जाणार, विचारायचं नाही, थेट सांगायचं. पुढच्या पाचही महापौरांनी हा नियम पाळला. यात एकानेही हरकत घेतली नाही.

सर्वसाधारण सभेबद्दल त्या मुलाने फार विचारलं नाही, पण मीच सांगितलं. सभा म्हणजे महिन्यातला तो दिवस ज्या दिवशी महापौर खरोखर सर्वोच्च असतात. तारीख महापौर ठरवतात, सात पूर्ण दिवस आधी नोटीस जाते, विषयपत्रिका नगरसचिव तयार करतात. आदल्या संध्याकाळी नगरसचिव आणि महापौर विषयपत्रिका घेऊन बसतात, विषय एक विषय दोन असं. या बैठकीला दोन तास मोकळे सोडायचेच. ज्या महापौरांनी आदल्या रात्री कागद वाचले नाहीत, त्यांची सभा दुसऱ्या दिवशी हमखास गोंधळात गेली. नगरसेवक पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात. शोकप्रस्तावाने सुरुवात, मग प्रश्नोत्तरं, मग कुणीतरी पाण्याच्या बाटल्या घेऊन वेलमध्ये, म्हणजे महापौरांसमोरच्या मोकळ्या जागेत, कुणी राजदंडाकडे धाव घेतं. राजदंड उचलला गेला की सभा तहकूब. सभा तहकूब झाली की नवी तारीख लागते आणि माझा पुढचा आठवडा कोसळायचा. पण तक्रार नाही, चार वर्षं सभाच नव्हती तेव्हा कळलं की तो गोंधळ किती मोलाचा होता. लोकांचा राग निदान एका छताखाली, इतिवृत्तात नोंदवला जात होता.

फेब्रुवारी-मार्च तर निव्वळ अंदाजपत्रकाचा. २० फेब्रुवारीच्या आत करांचे दर ठरवावे लागतात. आयुक्त स्थायी समितीला अंदाजपत्रक देतात, स्थायी सभागृहाला. मग सभा सकाळी अकराला सुरू होऊन मध्यरात्रीनंतरही चालते. प्रत्येक नगरसेवकाला बोलायचं असतं. एका मॅडमनी सलग तेरा तास सभा चालवली होती, पाणी पिण्यापुरतं उपमहापौरांना खुर्चीवर बसवलं तेवढंच. रात्री एक वाजता खाली आल्या, पाय सुजलेले, आणि मला म्हणाल्या, "ताई, उद्या दहाला बाकावर कोण कोण आहे?" मी म्हटलं, उद्या झोपा. म्हणाल्या, "एक तास बसेन, मग झोपेन."

पावसाच्या रात्रींसाठी डायरीच नसते. नदीची पातळी वाढू लागली की महापौर थेट आपत्कालीन कक्षात. नवख्या महापौरांची इथे घालमेल होते. समोर पाणी चढतंय आणि हातात आदेश काढायचा अधिकार नाही. आयुक्तांकडे अधिनियमातलं ६७-३-क हे कलम आहे. अचानक आलेल्या संकटात ते मंजुरीची वाट न पाहता खर्च करू शकतात आणि नंतर स्थायी समितीला, सभेला कळवतात. महापौरांकडे असं कलम नाही. मग त्यांनी काय करायचं? मला एका साहेबांनी करून दाखवलं. ते कक्षात दहा मिनिटं थांबले, आयुक्तांना म्हणाले, "तुम्ही इथलं बघा, मी शाळेत जातो." नदीकाठची दोनशेच्या वर माणसं पालिकेच्या शाळेत हलवली होती. तिथे साहेब पहाटेपर्यंत एका बाकड्यावर बसून होते. कुणाच्या गोळ्या घरी राहिल्या, कुणाची गाय बांधलेली राहिली, कुणाला लहान मुलासाठी दूध हवं, हे कागदावर लिहीत होते आणि पान भरलं की माझ्याकडे देत होते. मी कक्षात फोनवर वाचून दाखवायचे. गाय सोडवायला अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. त्या चार पानांना मी नंतर पंच मारून डायरीत लावलं. पाण्याने शाई पसरलीये, पण वाचता येतात.

मुलाने ती पानंही पाहिली होती. म्हणाला, "मॅडम, त्यात एका ओळीत नुसतं 'आजोबा, चष्मा' असं आहे." मला आठवलं. चष्मा मिळाला नव्हता, दुसरा करून दिला होता.

फोन ठेवायच्या आधी त्याने सांगितलं की डायऱ्यांच्या मागे बाकाच्या अर्जांची शेवटची वहीसुद्धा आहे. मार्च २०२२ ची. शेवटच्या पानांवरच्या एकोणीस अर्जांपुढे खूण नाही. मला ते माहीत होतं. मुदत संपली त्या दिवशी मी ती वही प्रशासकांच्या कार्यालयाकडे पत्रासोबत पाठवली होती, पोच घेऊन. ती परत कपाटात कशी आली, मला माहीत नाही.

काल संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन. स्वतःहून त्याने त्या एकोणीस जणांना फोन लावायला घेतलेत. सहा नंबर बंद. पाच कामं मधल्या काळात झालीत. एक गृहस्थ वारले, त्यांच्या मुलीने फोन घेतला. बाकीच्यांतला पहिला अर्ज रस्त्यावरच्या दिव्याचा होता, शाळेच्या मागच्या बोळातला. ज्या बाईंनी तो दिला होता, त्यांनी फोन उचलला. दिवा अजून लागलेला नाही.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"सोमवारी दहाला बोलावलंय, मॅडम. पेनने लिहिलंय."

मी म्हटलं, त्यांना सांग, येताना खांबाचा नंबर लिहून आणा. विद्युत विभाग पहिल्यांदा तेच विचारतो.